सव्वासोळा लाखांचं दुखणं

"अगं, ऐकलंस का? तो जपानी बेसबॉलपटू सासाकी फुकटात अमेरिकेला गेला म्हणे!"

"फुकटात कसा, काकू? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी ६५ लाख डॉलर साइनिंग बोनस दिला की त्याला."

"आणि त्या दुसऱ्या जपानी खेळाडूला, यामामोटोला? जेमतेम वर्षभर आधी, त्याच डॉजर्सनी? साडेबत्तीस कोटी! बारा वर्षांचा करार. वर त्याच्या जुन्या क्लबला, ओरिक्सला, पाच कोटींहून जास्त वेगळे. सासाकीच्या क्लबला, चिबाच्या लोत्तेला, किती मिळाले माहितीये? सव्वासोळा लाख. लोत्तेवाले कपाळाला हात लावून बसले असतील."

"पण जातोय खेळाडू, मग क्लबला कसले पैसे?"

"हुंडा गं, दुसरं काय! मुलगा आम्ही वाढवला, आता नेताय तर आमचं काय ते मोजा. जपानात नऊ हंगाम भरल्याशिवाय पोराला आपल्या मर्जीनं परदेशी जाता येत नाही. त्याआधी जायचं तर क्लबनं सोडायला हवं. नोमो नावाच्या खेळाडूनं तर १९९५ ला चक्क 'निवृत्त झालो' म्हणून जाहीर केलं, आणि निघाला लॉस एंजेलिसला. नियमात फट होती ना, त्याच्या एजंटनं बरोब्बर शोधली. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला पठ्ठ्या!"

"भलताच की!"

"थांब, खरी गंमत पुढेच आहे. १९९७ मध्ये इराबू नावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. त्याच्या क्लबनं त्याला न विचारता परस्पर सॅन डिएगोला देऊन टाकला. हा म्हणे, जाईन तर न्यूयॉर्कच्या यांकीजकडेच, नाहीतर नाही. बसला अडून. शेवटी सॅन डिएगोनं वैतागून यांकीजना दिला. त्या तमाशानंतर पोस्टिंगची, म्हणजे जपानी क्लबनं खेळाडू अमेरिकी क्लबांपुढे मांडून पैसे घ्यायची, पद्धत आली. आणि इराबूचा तो क्लब कोणता, सांग बरं?"

"लोत्ते?"

"लोत्तेच! तेच चिबाचे!"

"अगं बाई!"

"आधी बंद लिफाफे असायचे. ज्याची रक्कम मोठी, त्यालाच पोराशी बोलायचा हक्क. २००६ ला मात्सुझाकासाठी बॉस्टनवाल्यांनी किती भरले? ५,११,११,१११ डॉलर आणि वर ११ सेंट! पहिला पाच सोडला तर सगळे एकेच. हे नुसतं बोलणी करायचं भाडं हं, गेलं त्याच्या जुन्या क्लबच्या, सेइबूच्या, खिशात. पोराला सहा वर्षांचे ५ कोटी २० लाख निराळे."

"आणि बोलणी फिसकटली तर?"

"तर पैसे परत, पोरगा घरी. इवाकुमा नावाच्या पिचरचं तसंच झालं. २०१० ला ओकलंडनं बोली जिंकली, करार काही जुळेना. बिचारा वर्षभर जपानातच खेळला, मग मोकळा होऊन सिएटलला गेला. आता लिफाफे गेले. करार जेवढा मोठा, तेवढा क्लबचा वाटा मोठा."

"मग सासाकीचा एवढा लहान का हो? तो तर चांगला आहे ना?"

"चांगला? २०२२ च्या एप्रिलमध्ये, विसाव्या वर्षी, त्यानं एका सामन्यात ओरिक्सची सत्तावीसच्या सत्तावीस माणसं परत पाठवली. एकही बेसवर पोचला नाही. एकोणीस जण तर स्ट्राइकआउट. पण अमेरिकेचा नियम असा, की पंचवीस पुरे नसतील तर पोरगा हौशी धरायचा. मग ठरलेल्या छोट्या थैलीतूनच बोनस. हा तेविसाव्या वर्षीच निघाला. दोन वर्षं थांबता तर लोत्तेचं उखळ पांढरं झालं असतं."

"अडवायचं होतं मग!"

"होकार त्यांनीच दिला की. आणि शेवटच्या तीन क्लबांत सॅन डिएगोही होतं बरं का. त्यांच्या हातून चिबाचा हाही पिचर गेला."

"पण काकू, तो आल्यावर खांदा दुखून कित्येक महिने बसून होता ना? म्हणजे घाईच केली."

"मला नाही तसं वाटत. खांदा दुखायचा तो चिबातही दुखला असता, आणि मग कोण देणार होतं साडेबत्तीस कोटी? त्याच वर्षी सप्टेंबरात परत आला, ऑक्टोबरात शेवटच्या डावात येऊन तीन सामने वाचवले, आणि डॉजर्स जगज्जेते झाले. सव्वासोळा लाखांचा आकडा अमेरिकेच्या नियमातून आलाय. चिबावाल्यांनी चिडायचं तर त्या नियमावर चिडावं, पोराला बोल लावू नये."