वीतभर माशाचं मोठेपण

इंग्लंडमधल्या डार्टमूर पठारावर ईस्ट डार्ट आणि वेस्ट डार्ट या नद्या वाहतात. खाली ग्रॅनाइट, वर पीटची दलदल. पाणी आम्लधर्मी आणि पोषणाच्या बाबतीत कमालीचं काटकसरी. त्यामुळे इथला ब्राउन ट्राउट वीतभर झाला की त्याची गणना थोरामोठ्यांत होते.

गळाच्या शौकिनांनी या वस्तुस्थितीपुढे हार मानली नाही, अभिरुची बदलली. मोठा मासा काय, कोणालाही लागतो! लहान माशाच्या अंगावरचे लाल ठिपके ओळखायला मात्र संस्कार लागतात. शिवाय सरकारी परवाना लागतो, नदीमालकाची परवानगी लागते, आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसांची, फ्रँक सॉयर या नदीराखणदाराने घडवलेल्या पद्धतीची, गळाला लावायची नकली माशी लागते. एवढी तयारी झाली की शौकीन कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, बोटभर ट्राउट पकडतो, ओल्या हाताने हळुवार सोडून देतो आणि कृतार्थ होतो.

मासा जितका लहान, तितका रसिक थोर, हे सूत्र आता पुढे न्यायला हवं. गळाचा उलटा दात पुष्कळांनी काढलाच आहे. पुढच्या हंगामात गळही काढावा. त्यानंतर मासाही अनावश्यक ठरेल. परवान्याची फी तेवढी चालू ठेवावी.

काठावरचा राखी बगळा अजून या उंचीला पोचलेला नाही. तो तोच मासा परवान्याशिवाय, ठिपके न पाहता गिळतो. शौकिनांचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो. बगळ्याचा बारमाही आहे.