पुतळा त्यांना, कोंबडी आपल्याला

"काकू, कढीलिंबाच्या दोन डहाळ्या तोडू का?"

"तोड की. पण आधी ऐक, काल भाच्याचा फोन आला होता मँचेस्टरहून. पाऊण तास! त्यातली पाच मिनिटं माझ्या गुडघ्याला, बाकी सगळा वेळ त्या व्यंकीजच्या क्लबला."

"व्यंकीज म्हणजे आपले पुण्यातले चिकनवाले?"

"तेच गं. 2010 च्या नोव्हेंबरात ब्लॅकबर्न रोव्हर्स हा तिकडचा फुटबॉल क्लब घेतला त्यांनी, 2 कोटी 30 लाख पौंडांना. शिवाय क्लबचं कर्ज पदरात पडलं ते वेगळंच."

"हौसेला मोल नसतं म्हणा."

"मोल कसलं, घेणं परवडतं, पोसणं नाही परवडत. महिनाभरात चांगला मॅनेजर काढला, सॅम अलार्डाइस. 2012 च्या मेमध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरले. खाली गेलं की टीव्हीचा पैसा आटतो. काही वर्षं जरा आधार मिळतो, मग तोही बंद. तिथले कित्येक क्लब कमावतात त्याहून जास्त नुसत्या पगारात घालवतात. वरची भर कोण घालणार? मालक! त्याच वर्षी हेनिंग बर्ग म्हणून एक मॅनेजर आणला, 57 दिवसांत घरी धाडला. तो गेला कोर्टात. साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले त्याला."

"57 दिवसांचे? आमच्या ह्यांना सांगू नका, उद्याच राजीनामा देतील."

"आणि गंमत अशी, आधीचा मालक जॅक वॉकर, त्याच गावचा, पोलादवाला. त्यानेही पाण्यासारखा पैसा ओतला होता. पण 1995 साली लीग जिंकून दिली, म्हणून स्टेडियमबाहेर पुतळा आहे त्याचा. आणि ह्यांना काय मिळालं? ज्या सामन्यात खाली गेले ना, त्यात लोकांनी क्लबचा झेंडा गुंडाळून कोंबडी सोडली मैदानात."

"जिवंत?"

"जिवंत! आता लोकांचंही अगदीच चूक नाही. मालक वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाहीत म्हणे. चेक पाठवला की झालं असं नसतं ना."

"म्हणजे तुमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासारखंच. भाडं चिमूटभर, आणि कौलं गळली की मालकाच्या नावाने शंख."

"त्या वाड्याचं नाव नको काढूस सकाळी सकाळी."

"मग विकून मोकळे का होत नाहीत?"

"इतके ओतल्यावर मातीमोल भावात द्यायला जीव होत नसेल, असं आपलं मला वाटतं. त्यात मध्ये ईडीची भानगड झाली. तिकडे पैसे पाठवायचे तर दिल्ली हायकोर्टाची परवानगी काढा, वर बँक गॅरंटी द्या. 2024 च्या सुरुवातीला तर अ‍ॅडम व्हॉर्टन हा खेळाडू विकला क्रिस्टल पॅलेस क्लबला. ब्लॅकबर्नचाच पोरगा, लहानपणापासून त्यांच्याच अकादमीत वाढलेला."

"पैसे तर आले असतील!"

"आले. पण असं पोर काय दर वर्षी तयार होतं? भाचा त्यावरूनच तणतणत होता. मी म्हटलं, इतका वैताग आहे तर जातोस कशाला बघायला? तर म्हणतो, 'मावशी, सीझन तिकिटाचे पैसे भरलेत, ते वसूल नको करायला?'"