आकडेकाका

अध्यक्ष घड्याळाकडे बघत "एखाद-दोन प्रश्न घेऊ" म्हणतात आणि तिसऱ्या रांगेतला हात वर जातो. तो खरं तर वरच असतो. व्याख्यानापुरता गुडघ्यावर टेकवलेला असतो, एवढंच.

"माझा प्रश्न तीन भागांत आहे."

पुण्यात विज्ञानाचं व्याख्यान आणि असा एक श्रोता ही जोडी ठरलेली. आमचे काका वीज खात्यातले निवृत्त. उभी हयात गळती शोधण्यात गेली. फीडरवर किती युनिटं सोडली, बिलांत किती आली, मधली गेली कुठे? तारांवरचे इतके आकडे त्यांनी उतरवले, की आम्ही त्यांना आकडेकाका म्हणतो. त्यांना वाटतं, गणितामुळे.

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी जेमतेम सहावा हिस्सा आपल्या ओळखीचा, बाकी सगळं न दिसणारं कृष्णद्रव्य, हे ऐकलं त्या रात्री त्यांची झोप उडाली. "८४ टक्के गळती! आम्हाला २० टक्क्यांना नोटीस यायची हो!"

मग त्यांनी ओळखीच्या मालाचीही झडती घेतली. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये दोन डाऊन आणि एक अप, भोवती इलेक्ट्रॉन. ट्रान्सफॉर्मर असो की साबुदाणा वडा, माल तीनच प्रकारचा. इथवर ते खूश होते. पण तिन्ही क्वार्कांचं वस्तुमान मिळून प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतं, बाकीचं त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचं, हे कळल्यावर काका भडकलेच. "म्हणजे मालापेक्षा सुतळी जड?"

त्यांचं दैवत फ्रिट्झ झ्विकी. कोमा समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने पळताहेत, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर त्या एकत्र टिकूच शकत नाहीत, हे त्याने १९३३ साली दाखवलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली. तिचा बाहेरचा भागही मंदावायला तयार नव्हता. तेव्हा कुठे लोक हळूहळू जागे झाले. "झ्विकीचीही फाईल दाबलीच ना!" म्हणत काका स्वतःची फाईल उघडतात. माझी एक बारीक तक्रार आहे. झ्विकीच्या फाईलीत मोजमापं होती; काकांच्या फाईलीत पोचपावत्या आहेत.

परवा व्याख्यात्या एक तरुण बाई होत्या. काकांनी विचारलं, "मॅडम, शेजारच्या विश्वातून कोणी आकडा टाकलाय का? नसेल, तर मीटर तपासला का?"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. "मीटर चुकतोय म्हणणारेही आहेत, काका. १९८३ मध्ये मिल्ग्रॉम यांनी गतीचा नियमच बदलून बघा म्हणून सुचवलं."

काकांनी मागे वळून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

बाई पुढे सांगू लागल्या. अमेरिकेत साउथ डकोटातल्या सोन्याच्या जुन्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन भरून ठेवलाय. कृष्णद्रव्याचा एखादा कण त्यावर आदळेल म्हणून डोळ्यांत तेल घालून वाट बघताहेत. अजून काही सापडलेलं नाही.

"दिवसा बघता की रात्री?" काकांचा तिसरा भाग.

"चोवीस तास."

काकांनी फाईल मिटली. "मग लाईनमनच फितूर आहे."