यादी वाचा, पुस्तकं राहू द्या

चैत्र लागला की बाजारात दोन गोष्टी येतात. एक हापूस आणि दुसरी ‘या वसंतात काय वाचाल?’ ही यादी. हापूस परवडत नाही, तरी संपतो. यादी फुकट असते, ती कुणी संपवत नाही.

या याद्या मूळच्या थंड मुलखातल्या. तिकडे महिनोन्‌महिने बर्फ आणि अंधार. एप्रिलात ऊन पडलं की माणसं बागेतल्या बाकावर येऊन बसतात आणि पुस्तक उघडतात. रास्तच आहे. आपण यादी उचलली ती बाकासकट. आता एप्रिलातल्या भर दुपारी बाकावर बसून दाखवा बरं.

चंद्रपुरात.

२३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिनही परमुलखातलाच. बार्सिलोनात त्या दिवशी एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. १९९५ साली युनेस्कोने ही तारीख साऱ्या जगाला लावली. शेक्सपियर आणि सर्व्हांतेस दोघे २३ एप्रिल १६१६ रोजी गेले असं मानतात, हे दुसरं कारण. पण इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं आणि स्पेनमध्ये नवं. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. म्हणजे तारीख एक आणि दिवस निराळे. सकाळी सकाळी ग्रुपवर गुलाबाचं चित्र ढकलणाऱ्याने हे कुठे वाचलं असणार? पुस्तकात आहे ना ते!

मराठी यादीत पहिला नंबर ठरलेला. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ते असायलाच हवं, वादच नाही. शिवाय पुस्तकाची सुरुवातच चैत्रापासून होते, त्यामुळे यादी करणाऱ्याची सोय होते. पुढे तो फाल्गुनापर्यंत पोचला का, हे विचारायचं नसतं. ज्येष्ठ तरी गाठला का, हेही नाही.

दुर्गाबाई म्हणजे पानं, फुलं आणि मोहर, असा एक गोड समज आपण करून घेतला आहे. याच बाई १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. मंडपात सरकारचे मंत्री बसलेले असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. पुढे तुरुंगातही गेल्या. त्या दुर्गाबाई कोणत्या ऋतूच्या यादीत घालायच्या?

त्याला हवामान अनुकूल लागतं.

दुसऱ्या नंबरावर मारुती चितमपल्ली. माणसाने वनखात्याच्या नोकरीत जंगलं पायाखाली घातली, पक्षी-प्राण्यांची नावं आदिवासींच्या तोंडून गोळा केली. आपण काय करतो? ‘चकवाचांदण’ खिडकीत ठेवतो, शेजारी कॉफीचा कप, मागे कुंडीतली तुळस, आणि फोटो. फोटो मोठा करून बघा. पुस्तकावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं.

मग प्रदर्शनं. मुहूर्त नसलेल्या दिवसांत मंगल कार्यालय रिकामं असतं, तिथे ‘कोणतंही पुस्तक शंभर रुपये’ असा फलक लागतो. आता निवड कशी होते बघा. गिऱ्हाईक आधी पुस्तक हातात तोलतं. जाड असेल तर पिशवीत, बारीक असेल तर परत टेबलावर. कवितासंग्रहांवर या राज्यात अन्याय होतो म्हणतात तो इथूनच सुरू होतो. शंभर रुपयांत साठ पानं? आणि त्यातही निम्मी जागा कोरी?

परीक्षा संपल्या की पोरांची पाळी. ‘मोबाइल ठेव, पुस्तक वाच.’ हे सांगताना बाबांची नजर स्वतःच्या मोबाइलवर. पुस्तक कोणतं, तेही ठरलेलं: ‘श्यामची आई’. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. बाबांचं ते गेली तीस वर्षं वाचून व्हायचंय. पोराला मात्र मेअखेरची मुदत.

मुलाला हवा असतो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पण त्यात संस्कार दिसत नाहीत, नुसती मजा दिसते. सुट्टीत मजा?

ज्यांना वाचायला वेळ नसतो त्यांच्यासाठी व्याख्यानं आहेतच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. एप्रिल-मेच्या संध्याकाळी बसून भाषण ऐकायचं, घामेजलेल्या वसंताचा याहून चांगला उपयोग कुणी सुचवलेला नाही. तक्रार वक्त्याबद्दल नाही, श्रोत्याबद्दल आहे. पुस्तकावरचं भाषण ऐकून तो घरी जातो आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तकावर बोलू लागतो.

महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार बघा. २०१७ पासून पुस्तकांचं गाव. घराघरांत विषयवार कपाटं, कुणीही आत यावं, बसून वाचावं, पैसे नाहीत. गावकऱ्यांनी आपल्या बैठकीच्या खोल्या परक्यांसाठी उघडल्या, ही साधी गोष्ट नाही. पर्यटकही भाविकपणे येतात. पाटीखाली उभे राहतात, फोटो काढतात, आणि विचारतात, ‘स्ट्रॉबेरी कुठे मिळेल?’

मग वसंतात खरोखर उघडलं जाणारं मराठी पुस्तक कोणतं? आहे एक. कुठल्याही यादीत नसतं, त्यावर परिसंवाद होत नाही, पुरस्कार तर नाहीच. तरी पाडव्याला त्याची पूजा होते, संवत्सरफल मोठ्याने वाचतात, घरातले सगळे ऐकतात. नंतर वर्षभर बोट ठेवून ओळ न्‌ ओळ तपासली जाते.

पंचांग.

लग्न काढायचं असेल तर एकाच महिन्याची पानं इतक्या बारकाईने वाचतात, की समीक्षकांनी शिकवणी लावावी.

माझं विचाराल तर चैत्रात पुस्तक निवडायच्या फंदात पडूच नये. घरात पडलेलं उचलावं. आणि घरात पडलेलं असतंच: दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण ते दिवाळीत विकत घेतो आणि ‘सवडीने वाचू’ म्हणून टीपॉयखाली सरकवतो. कुणी ते रद्दीत घालायच्या आत बाहेर काढा. कथा वगळा, परिसंवाद वगळा, साडी-सोन्याच्या जाहिराती उलटा, आणि थेट मागची पानं गाठा. तिथे वार्षिक राशिभविष्य असतं. मेषेला फेब्रुवारीत बढती, वृषभेला मार्चमध्ये स्वतःचं घर, कन्येचं येणं पाडव्याच्या आत वसूल.

विनोदी विशेषांकातही इतकं हसू येत नाही.