उजवं धुराडं

गेली कित्येक वर्षं मी कॉम्प्युटरवर पत्रा वाकवून पोट भरतो. पॅनेलचे डबे, झाकणं, ब्रॅकेट. माझ्या स्क्रीनवरचा पत्रा कधी तडकत नाही, वाकवल्यावर उसळून मागे येत नाही, बोट तर मुळीच कापत नाही. त्यामुळे नातेवाइकांत माझा दबदबा आहे. बायको त्या नातेवाइकांत मोडत नाही.

माझा मेहुणा घाटकोपरच्या पंतनगरला पोळी-भाजी केंद्र चालवतो. वड्याच्या कढईवर त्याला धुराडं हवं होतं.

"भावोजी, साधंच आहे. खाली चौकोनी तोंड, वर गोल पाइप. पत्रेवाला करून देतो म्हणतोय. तुम्ही नुसती नजर टाका."

"पत्रेवाला काय करणार!" मी म्हणालो. हे वाक्य बायको अजूनही पाहुण्यांना माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

चौकोनातून गोल होणारा भाग दिसायला गरीब असतो. डिप्लोमाला मिनी ड्राफ्टर घेऊन 'डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस' ज्यांनी काढलं त्यांना त्याची खोडी ठाऊक आहे: चार बाजूंना चार सपाट त्रिकोण, आणि चार कोपऱ्यांत शंकूचे तुकडे. ही उलगडाउलगडी ज्या भूमितीवर उभी आहे, ती अठराव्या शतकात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने मांडली. फ्रेंच लष्कराने ती काही वर्षं गुपित म्हणून दडवून ठेवली होती. ड्रॉइंगच्या पेपराला बसलेल्या आमच्या बाकावर एकमत होतं, की दडवलेलीच ठीक होती.

इथे भर अशी, की गाळ्यात मधोमध तुळई. पाइप डावीकडच्या खिडकीतून काढायचा, म्हणजे गोल तोंड मध्यावर नाही, 300 मिलिमीटर डावीकडे आणि थोडं मागे, भिंतीकडे सरकलेलं. खालचं तोंड 900 बाय 600, पाइप 200चा, पत्रा अठरा गेज स्टेनलेस. मी हरखलोच. ऑफिसात इतकं अवघड काही माझ्याकडे कोणी देत नाही.

एका संध्याकाळीत धुराडं स्क्रीनवर उभं राहिलं. फिरवून फिरवून पाहिलं, बायकोला दाखवलं. मग 'उलगड' म्हटलं, तर सॉफ्टवेअर ढिम्म. बराच वेळ त्यालाच नावं ठेवल्यावर उमगलं, की मी चीर ठेवलीच नव्हती. शिवण नसलेला पायजमा जगातला कुठलाही शिंपी उसवू शकत नाही. मग दोन अर्धुकं केली, मध्ये फट ठेवली, आणि पत्रा कसा शहाण्यासारखा सपाट झाला.

इथे थांबलो असतो तर मी इंजिनिअर कसला! आता के-फॅक्टर आला. पत्रा वाकला की आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. मध्ये कुठेतरी एक थर असतो, तो ना दबतो ना ताणतो. तो जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, तो हा आकडा. सॉफ्टवेअर आपण होऊन 0.44 धरत होतं. मला 0.33 बरा वाटत होता. 1.2 मिलिमीटर जाडी, आतली त्रिज्या तेवढीच. काटकोनात वाकवलं तर एका हिशेबाने बेंडला 2.71 मिलिमीटर पत्रा लागतो, दुसऱ्याने 2.51. फरक 0.2. या 0.2साठी मी जागरणं केली. जेवताना बोललो. मेहुण्याला फोन करून विचारलं, तुझं मत काय? तो म्हणाला, "भावोजी, वडे धुरात तळतोय मी."

असल्फ्याला एका वर्कशॉपमध्ये लेझर कटिंग आणि प्रेस ब्रेक दोन्ही होतं. घाटकोपरहून मेट्रोने दुसरंच स्टेशन. फाइल पेन ड्राइव्हवर, मी रुबाबात. ऑपरेटर तरुण होता. कोपऱ्यांतल्या बेंडच्या रेषा पाहून त्याने कपाळाला हात लावला. त्या पंख्यासारख्या पसरलेल्या, एकही दुसरीला समांतर नाही. म्हणजे मागच्या गेजला पत्रा टेकवायची सोय नाही. प्रत्येक रेष डोळ्याने पंचाखाली आणायची आणि हलका दाब द्यायचा. खालच्या कडेला मी तेल गळायला एक सुबक पन्हळ दिली होती. ती बघून तो म्हणाला, "सर, ये तो पंच को लगेगा." माझ्या स्क्रीनवर पत्रा हवेत वाकतो, तिथे तो पंच आणि डायच्या मध्ये वाकतो, आणि पंचालाही अंग असतं, हे मला कुणी कळवलं नव्हतं. "पन्हळ अलग से वेल्ड कर देंगे," त्यानेच मार्ग काढला. मी औदार्याने मान डोलावली.

मग त्याने विचारलं, "सर, बेंड सब ऊपर?"

"सब ऊपर," मी म्हणालो. त्या वेळी माझं लक्ष त्याने आतली त्रिज्या किती धरली आहे तिकडे होतं.

छोटा हत्ती करून धुराडं पंतनगरला आलं. वेल्ड सुरेख, माप केसाइतकंही इकडे-तिकडे नाही. के-फॅक्टर जिंकला होता. फक्त गोल तोंड उजवीकडे होतं, तुळईच्या भलत्या बाजूला. स्टेनलेसची निळी फिल्म आणि घासकाम केलेली देखणी बाजू आत, धुराच्या स्वागताला. मी पत्रा उलगडला तो बाहेरून पाहून. तसा पाहिला तर सगळे बेंड खाली जायला हवे होते. ते वर मारले की धुराडं आरशातलं होतं. मधोमध असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"फिरवून लावा ना," मेहुणा म्हणाला. मी त्याला कागदाचं मॉडेल करून समजावलं, की फिरवलं तर तोंड डावीकडे येईल, पण भिंतीऐवजी पुढे; उजव्या हाताचा मोजा फिरवून डाव्या हातात जात नाही. तो म्हणाला, "पण उलटा करून जातो." ते खरं होतं, फक्त स्टेनलेसला लागू नव्हतं.

धुराडं आठवडाभर फुटपाथवर उभं होतं. मग भिंतीपलीकडच्या गाळ्यातला फरसाणवाला बाहेर आला. त्याचा गाळा मेहुण्याच्या गाळ्याचं हुबेहूब प्रतिबिंब: तीच तुळई, खिडकी मात्र उजवीकडे. त्याने टेप लावली, फिल्म सोलली, घासाघीस केली आणि अर्ध्या भावात धुराडं आत नेलं. चपखल बसलं. मेहुण्याचं मग पत्रेवाल्याने केलं, खडू आणि कंपास घेऊन, पत्र्यावरच.

फरसाणवाला मला आता "साहेब" म्हणतो. असं मापात बसलेलं काम उभ्या घाटकोपरात नाही, असं गिऱ्हाइकांना सांगतो. त्याच्या मुलुंडच्या दुकानासाठीही एक काढून द्या म्हणालाय. मी ताबडतोब हो म्हटलं. फाइल तयारच आहे. तिथली खिडकी कुठल्या बाजूला आहे, ते विचारायचं राहिलं.