गाढवाचा जन्म, अटॅच्ड बाथरूमसह

गंगेकाठी तंबू ठोकायचाच तर हृषीकेशच्या वरच्या अंगाला, शिवपुरीकडे ठोकावा. तिथे डोंगर आहेत, सालाचं जंगल आहे, खळाळतं पाणी आहे. काशीत यातलं काहीच नाही. घाटांच्या समोर आहे ती सपाट, उघडीबोडकी वाळू. तरीही 2023 च्या जानेवारीत त्या वाळूवर तंबूंची अख्खी वसाहत बसली. पवना धरणाकाठच्या तंबूंत तयार झालेला आपला निसर्गप्रेमी अशा ठिकाणी पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: बाथरूम अटॅच्ड आहे ना? होतंच. कनातीची चेन ओढली की आत पांढराशुभ्र कमोड, शेजारी जेट, वर गुंडाळीचा कागद आणि फ्लशला दोन बटणं, एक कमी पाण्याचं, एक जास्त. ते पहिलं बटण म्हणजे पर्यावरणाची काळजी. निसर्गप्रेमी कमी पाण्याचं दाबतो आणि निसर्गाचं ऋण फेडून झोपतो.

गंमत अशी की अस्सल बनारसी माणूस याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ‘उस पार’ जात आला आहे. त्याची ती ‘बहरी अलंग’. नावेतून पलीकडे जायचं, भांग घोटायची, वाळूत लांबवर जाऊन ‘निपटायचं’, कपडे आपटायचे, डुंबायचं आणि घरी परतायचं. सगळा संसार एका लोट्यात आणि एका गमछ्यात. मुक्काम मात्र तो तिकडे करत नाही. व्यासांना काशीबाहेर घालवलं तेव्हा ते नदीपार जाऊन राहिले, आणि त्या व्यासकाशीत ज्याला मरण येईल त्याला पुढचा जन्म गाढवाचा, अशी तिथली पक्की समजूत आहे. अलीकडे मेला तर मोक्ष, पलीकडे मेला तर गाढव. म्हणजे बनारसी माणूस जिथे फुकटात फक्त परसाकडेला जातो, तिथे आपला माणूस चांगले पैसे मोजून झोपायला गेला. गाढव होण्यासाठी मरेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी दिसत नाही.

यावर म्हणतील, उघड्यावर बसण्यापेक्षा कमोड बरा की नाही? बराच. पण कमोड बरा असतो तो त्याच्या पलीकडच्या नळामुळे, आणि इथे तो नळ नदीच्याच पात्रात पुरलेला होता. ही वाळू म्हणजे काठ नव्हे. घाटांच्या बाजूला कंकराचा उंच टणक कडा आहे, नदी वळणावर त्याला घासत जाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते. पावसाळ्यात ती सगळी वाळू पाण्याखाली असते. तिच्या पोटात टाकी पुरायची म्हणजे मैला गंगेच्याच अंथरुणात ठेवायचा. म्हणे टाकी उपसून नेत. नेत असतीलही! पण फ्लश नीट चालतो ना हे तीनदा तपासणाऱ्या एकाही गृहस्थाला, तो चालून पुढे कुठे जातो, हे विचारावंसं वाटू नये? सकाळी त्याच पाण्यात नाक दाबून बुडी मारायची, तेच बाटलीत भरून घरी न्यायचं आणि देव्हाऱ्यात ठेवायचं, याला भक्ती म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

दुसरा बचाव ‘तात्पुरतं आहे हो’ हा. गंगेविषयीच्या 2016 च्या आदेशात नदीत, काठावर आणि पूरक्षेत्रात कायमच्या बांधकामाबरोबर तात्पुरतंही मना केलं आहे. सूट आहे ती नैसर्गिक आपत्तीला आणि परंपरेच्या जागी होणाऱ्या धार्मिक कार्याला, तीही आधी परवानगी घेऊन. तेव्हा प्रयागच्या माघ मेळ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तिथला कल्पवासी महिनाभर एकवेळ जेवतो, जमिनीवर झोपतो, थंडीत पहाटे बुडी मारतो. तो वाळूवर काहीतरी सोडायला गेलेला असतो. आपला माणूसही सोडतो, पण ते धार्मिक कार्यात बसत नाही. रात्रीच्या कचोरीनंतर फार तर आपत्तीत बसेल. याच पट्ट्यात, रामनगरपासून मालवीय पुलापर्यंत, 1989 मध्ये कासवांचं अभयारण्य झालं होतं. अर्धवट जळलेली प्रेतं खाऊन कासवांनी नदी साफ ठेवावी, ही अपेक्षा. 2020 मध्ये ते अभयारण्य रद्द झालं. कासवाला अटॅच्ड बाथरूम लागत नव्हतं, हाच बहुधा त्याचा गुन्हा.

आणि हे सगळं कशासाठी, तर व्ह्यूसाठी. काशीत सूर्य उगवतो तो या वाळूच्या मागून, म्हणजे तंबूवाल्याच्या पाठीमागून. त्याला घाट उजळलेले दिसले, हे खरं. पण समोर शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर अर्घ्य देणाऱ्याला तोवर रिकाम्या काठावर उगवणारा सूर्य दिसायचा, त्याला तेव्हा तंबूंच्या शेंड्यांमधून तो शोधावा लागला. एकाने विकत घेतलेला व्ह्यू हा असा हजारांच्या डोळ्यांतून कापून काढलेला असतो. स्थानिकांना रोजगार मिळतो म्हणावं, तर नावाडी याआधी काय बसून होते? घाटांच्या बाजूला खोल्या, लॉज, धर्मशाळा हव्या तेवढ्या आहेत, कमोडसकट. शहराची गटारं तरी कुठे जातात, असं आता कुणी विचारेलच. अस्सी आणि वरुणा या नद्या कुठे मिळतात ते नकाशात पाहावं. त्यावर पुढच्या आठवड्यात लिहीन, आणि तेही नाक दाबूनच.