मालक बदलला! काळजी कशी करावी

सकाळी चहाच्या वेळी फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "कळलं का? विकलं." नवशिका माणूस विचारतो, "काय, फ्लॅट?" आणि बातमी ऐकून पुन्हा बशीतल्या बिस्किटाकडे वळतो. इथेच तो चुकतो. ज्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर आपण दिवसाचे दहा तास बसतो, ते एखाद्या बड्या कंपनीने विकत घेतलं तर निदान पहिला चहा गार व्हायलाच हवा. काळजी करणं ही एक कला आहे आणि ती कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

साहित्य

एक सॉफ्टवेअर, शक्यतो सात-आठ वर्षं हाताखालचं. एक समदुःखी डिझायनर. सॉफ्टवेअर विकत घेतल्याची पावती, असल्यास. नसली तरी अडू नये. माझं निरीक्षण असं, की ज्यांनी जन्मात एकही सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलं नाही, त्यांचाच जीव अशा वेळी जास्त तुटतो. "आता बघ, दर वाढवतील," हे मला पहिल्यांदा ज्याने ऐकवलं, त्याला त्या सॉफ्टवेअरचा दर ठाऊकच नव्हता.

पत्राचं वाचन

दुपारपर्यंत कंपनीचं पत्र येतं. पत्र कायम आनंदाचं असतं. पेठेतला वाडा बिल्डरने घेतल्यावर जिन्याखाली चिकटवलेली नोटीस ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे पत्र वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. "काहीही बदलणार नाही" याचा अर्थ सोमवारपर्यंत काही बदलणार नाही, एवढाच घ्यावा. "सध्याच्या ग्राहकांना" हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करावी, कारण पुढच्या ग्राहकांचं काय, ते सांगायचं नसतं तेव्हाच हे शब्द सुचतात. "दोन्ही कंपन्यांची मूल्यं जुळतात" हे वाक्य पत्रिका जुळल्याच्या निरोपासारखं वाचावं. म्हणजे मान डोलवावी आणि मुलाचा पगार विचारावा. पत्रात "प्रवास" हा शब्द तीनदा आला, तर कुणाला तरी घरी पाठवायचं ठरलेलं आहे. खालची सही जुन्या मालकाची असते. पुढे वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवावं. तो नव्या कल्पनेवर काम करायला बाहेर पडला, की आपणही आवराआवरीला लागावं.

आता एक खरं उदाहरण घेऊ, म्हणजे हात बसेल.

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची सेरिफ ही १९८७ सालची कंपनी. तिने २०१४ मध्ये अ‍ॅफिनिटी डिझायनर काढलं. मुहूर्त अचूक होता. आदल्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, अ‍ॅडोबीने जाहीर केलं होतं की यापुढे नवं काही एकरकमी विकणार नाही, वर्गणी भरत राहा. घरमालक झालो या समजुतीत असलेल्या लोकांना एका रात्रीत भाडेकरू केलं गेलं. सेरिफ म्हणाली, आम्हाला एकदाच पन्नासेक डॉलर द्या, वर्गणी मागणार नाही. लोकांनी ते नुसतं सॉफ्टवेअर म्हणून घेतलं नाही, कौल म्हणून घेतलं. गरज नसताना घेतलेले मला तिघं माहीत आहेत, त्यांतला एक मी.

२६ मार्च २०२४ ला सेरिफ विकली गेली, आणि घेणारी कोण, तर सिडनीची कॅनव्हा. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका करायला ज्या बाई पूर्वी आपल्याकडे यायच्या, त्या आता मोबाइलवर स्वतःच करतात, ती ही कॅनव्हा. म्हणजे ज्याने आपलं गिऱ्हाईक नेलं, त्यानेच आपलं अवजारही नेलं. अशा वेळी काळजी कमी पडली तर नावच काढलं पाहिजे! ती कमी पडली नाही. दुसऱ्याच दिवशी दोन्ही कंपन्यांना मिळून चार वचनं द्यावी लागली. त्यांत सगळ्यांचं लक्ष एकाकडेच होतं: कायमचा परवाना नेहमी विकत मिळेल. दर वाढणार, वर्गणी लागणार, याचीच चर्चा दीड वर्ष चालली.

मग ३० ऑक्टोबर २०२५ ला सेरिफचे तिन्ही अ‍ॅफिनिटी प्रोग्रॅम एकात बांधून नवं अ‍ॅफिनिटी आलं. किंमत शून्य.

दर वाढण्याच्या काळजीचा दीड वर्षाचा रियाज आणि ऐन मैफिलीत राग बदलला. नवशिक्याने अशा वेळी पेढे वाटू नयेत. कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं. एआयची अवजारं हवीत तर तिथली वर्गणी. बाकी सगळं फुकट. पण रोख पैसे मोजलेल्या माणसाला निदान भांडायचा हक्क असतो. काउंटरवर पावती आपटून "साहेब, हे काय?" असं विचारता येतं. फुकट जेवायला बसलेल्याने आमटी अळणी आहे हे कुणाला सांगायचं? आणि वाढपी ज्या दिवशी हात आखडता घेईल, त्या दिवशी पंगतीतून उठून जायला दुसरी पंगत कुठे उरली असेल? अ‍ॅफिनिटीच्या आधीच्या, दुसऱ्या आवृत्तीचे पैसे भरलेल्यांची प्रत अजून चालते. ते ती आजोबांच्या घड्याळासारखी जपतात, आणि संगणकाची सिस्टिम अपडेट करायची वेळ आली की त्यांचा हात थरथरतो.

गृहपाठ

इतिहास माहीत नसलेली काळजी पोकळ वाटते. म्हणून फ्रीहँडची कथा पाठ करावी, ती कुठेही उपयोगी पडते. फ्रीहँड हे चित्रं आखायचं सॉफ्टवेअर, इलस्ट्रेटरचा सख्खा वैरी. टेक्सासमधल्या आल्टसिसने ते बनवलं, पण विकायची अल्डस. अल्डस म्हणजे पेजमेकरवाली, जिच्यामुळे आपल्याकडचे खिळे जुळवणारे हात पुढे माऊसवर आले. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने अल्डस घेतली. आता इलस्ट्रेटरही अ‍ॅडोबीचं आणि फ्रीहँडही, हे काही अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला पटेना. त्यांनी फ्रीहँड आल्टसिसला परत करायला लावलं आणि वर अट घातली, की पुढची दहा वर्षं आम्हाला विचारल्याशिवाय त्याच्याकडे वळायचं नाही. आल्टसिसला मग मॅक्रोमीडियाने घेतलं. फ्रीहँडचे चाहते निश्चिंत झाले.

दहा वर्षं १९९४ मध्ये मोजायला लागलं की २००४ ला संपतात. एप्रिल २००५ मध्ये अ‍ॅडोबीने अख्खी मॅक्रोमीडियाच घ्यायचं जाहीर केलं, ३.४ अब्ज डॉलरना. यात बेकायदा काहीच नव्हतं, एवढंच म्हणतो की कॅलेंडर कुणाच्या तरी भिंतीवर नीट टांगलेलं होतं. २००७ मध्ये सांगण्यात आलं की फ्रीहँडची नवी आवृत्ती येणार नाही, इलस्ट्रेटर वापरा. चाहते २०११ मध्ये कोर्टात गेले, पुढच्या वर्षी तडजोड झाली, फ्रीहँड काही परत आलं नाही.

पेजमेकरचं मात्र उलटं झालं. २००१ मध्ये त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती आली, आणि आपल्याकडच्या छापखान्यांना हे कुणी कळवलंच नाही. मराठी फॉन्टचं डोंगल मशीनच्या मागे खोचलेलं, वर पेजमेकर, आणि दिवाळी अंकामागून दिवाळी अंक बाहेर पडत होते. मेलेल्या माणसाने इतकी वर्षं घर चालवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ठरलेलं लग्न मोडल्यास

काळजी वाया जाण्याची भीती बाळगू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडोबीने डिझाइन सॉफ्टवेअरची फिग्मा ही कंपनी २० अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. डिझायनर मंडळी सव्वा वर्ष सुतकात होती. डिसेंबर २०२३ मध्ये सगळं फिसकटलं आणि अ‍ॅडोबीला फिग्माला १ अब्ज डॉलर द्यावे लागले. साखरपुडा मोडून इतकी भरपाई कुठल्या मुलीकडच्यांना मिळाली असेल? पण हे आपल्या हळहळण्याने झालं असं समजू नये. ब्रिटन आणि युरोपीय संघ इथल्या स्पर्धा नियामकांनी फायली उघडून प्रश्न विचारले, म्हणून झालं. फिग्मा जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. एका मालकाऐवजी आता हजारोंची काळजी करता येते.

हातांची काळजी

कुणी म्हणेल, नाही आवडलं तर दुसरं सॉफ्टवेअर घ्या. असं म्हणणाऱ्याने कधी कर्व्ह केलेले नाहीत. देवनागरी मजकूर छपाईला पाठवताना समोरच्याच्या मशीनवर आपला फॉन्ट नसेल या धास्तीने अक्षरांची चित्रं करून टाकतात, त्याला म्हणायचं कर्व्ह करणं. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि क्यू दाबतात. दिवसातून पन्नासदा. बोटं ते आपोआप दाबतात, डोक्याला विचारत नाहीत. विंडोजवरच्या इलस्ट्रेटरमध्ये तेच कंट्रोल-क्यू दाबलं की प्रोग्रॅम बंद होतो. वीस वर्षं कोरलवर बसलेला माझा एक मित्र मुलाच्या सांगण्यावरून इलस्ट्रेटरकडे वळला. पहिल्या आठवड्यात त्याने दर तासाला एकदा दुकान बंद केलं. "सेव्ह करू का?" असं मशीन विचारायचं आणि हा चिडून "नाही, कर्व्ह कर!" म्हणायचा. विकत घेणारे हिशेबात काय काय धरतात कोण जाणे, पण त्यांना मिळते ती ही बोटं. प्रोग्रॅम दुसरा लिहिता येतो.

खरी काळजी

ही शेवटी ठेवली, कारण नवशिके इथपर्यंत येतच नाहीत, किमतीवरच दमतात. १९९९ मध्ये मी एका पुस्तकाची पानं लावली होती. सतरा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली. सीडी सापडली, चरा एक नाही. प्रोग्रॅम, कोणता ते राहू द्या, नव्या मशीनवर सुरूच होईना. ओळखीच्या एका प्रेसमध्ये टेबलाखाली जुनं मशीन होतं, त्याच्यावर पाय ठेवून तिथले मालक डबा खायचे. ते पुसून लावलं. फाईल उघडली. पुस्तकाचा युनिकोडच्या आधीचा जुना फॉन्ट त्या मशीनवर नव्हता, त्यामुळे पहिल्या पानावर आईला केलेली अर्पणपत्रिका डॉलर, टक्के आणि उलटसुलट कंसांत लिहिलेली दिसली. लेखक शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाले, "माझंच आहे ना?" शेवटी छापलेली प्रत समोर ठेवून एका बाईंनी अकरा दिवसांत ते सगळं पुन्हा टाइप केलं.

तेव्हा कृती अशी. खंडेनवमीला आपण मशीनला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, प्रिंटरवर फूल ठेवतो. त्याच दिवशी, माळ घालण्याआधी, वर्षभरातल्या महत्त्वाच्या फायली एकेक करून उघडाव्यात आणि पीडीएफ काढून ठेवावी. चित्रं एसव्हीजीत, पुस्तकाची पानं इनडिझाइनमध्ये असतील तर आयडीएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ती उघडता येतील. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत, वेगळा. कर्व्ह केलेली फाईल ही फाईल नव्हे, तो फोटो. नवरीच्या नावातली वेलांटी त्यात दुरुस्त होत नाही. हे सगळं सॉफ्टवेअर उघडतंय तोवर करायचं असतं. मालक बदलल्यावर करू म्हणणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. मी स्वतः गेल्या खंडेनवमीला चार फायली उघडल्या आणि मग जेवायला बसलो.

प्रात्यक्षिक

गेल्या महिन्यात फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. पोराने पेनड्राइव्ह लावला आणि मान हलवली. "काका, नाही उघडत. अकरामध्ये सेव्ह करून आणा."

कोरल अकरा ही २००२ ची आवृत्ती. म्हटलं याला निदान काळजीची सुरुवात तरी करून द्यावी. सांगितलं, बाबा रे, तू ज्यावर बसला आहेस ती कॅनडाची कंपनी २००३ मध्ये व्हेक्टर कॅपिटलने घेतली, २०१९ मध्ये केकेआरने घेतली, २०२२ मध्ये तिचं नावसुद्धा बदलून अल्युडो केलं.

तो स्क्रीनवरच्या नगरसेवकाच्या दंडाखालची पांढरी किनार खोडत होता. पूर्ण खोडून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "आठ बाय चारच ना?"